सूत्रधार नसलेलं गाव

वकिली हा नाही म्हणायचा धंदा आहे. समोरच्याचा दावा आला की कलमवार बसायचं आणि एकेक कलम नाकारत जायचं. पहिल्यातला मजकूर नाकबूल, दुसऱ्यातला नाकबूल, तिसऱ्यात म्हटलेली विहीर जागेवर आहे हे कबूल, पण ती वादीची आहे हे साफ नाकबूल. बेळगावच्या कोर्टात आता हे इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये लिहितात, पण माझ्या डोक्यात ते अजून आप्पांच्या मराठीतच उमटतं. आप्पा म्हणजे माझे वडील. दिवाणी वकील होते, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी सुरुवातीलाच बजावून ठेवलं होतं की जे तू स्पष्ट नाकारलं नाहीस ते तू मान्य केलंस असं कायदा धरून चालतो, तेव्हा शंका आली की आधी नाही म्हण, विचार नंतर कर. मी हे इतकं मनावर घेतलं की आलेली स्थळंसुद्धा कलमवार निकालात काढली. शेवटी स्थळं यायची थांबली, आप्पा गेले, आणि टिळकवाडीतल्या घरात मी आणि पुढच्या खोलीतलं ऑफिस एवढेच उरलो.

हे रडगाणं नाही. सोमवार ते शनिवार मला श्वास घ्यायला फुरसत नसते. पक्षकार, तारखा, कुणाचा भाऊ कुणाच्या बांधावर चढला, सगळं सुरू असतं. पण रविवार खायला उठायचा. सकाळी कुकर लावायचा, त्यातलाच भात संध्याकाळी फोडणी देऊन खायचा, आणि मधली दुपार ऑफिसच्या टेबलावर पत्ते मांडून एकटीनं पेशन्स खेळायचा. पेशन्समध्ये मी चोरी करायची. कोण बघतंय?

अशाच एका रविवारी बेळगुंदीच्या एका पक्षकाराचा मुलगा वडिलांच्या वाटपाच्या दाव्याचे कागद द्यायला आला. शिकलेला, उद्यमबागेत एका फौंड्रीत डिझाइनचं काम करणारा, तिशीच्या आतबाहेरचा. त्याने टेबलावर मांडलेले पत्ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, एकट्याच खेळतायसा व्हय?"

मला राग आला. खऱ्या गोष्टीचा येतो तसा. मी म्हणाले की वेळ जात नाही म्हणून. त्यावर कागद द्यायचे सोडून तो खुर्चीत बसला आणि पुण्याला इंजिनिअरिंग करताना हॉस्टेलवर शिकलेल्या एका खेळाबद्दल सांगायला लागला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक माणूस घ्यायचं, म्हणजे त्या खेळापुरतं ते माणूस व्हायचं, आणि बोलत बोलत एक गोष्ट रचत जायची. नाटक नाही, कारण उठायचं नाही आणि पाठ काही नसतं. याच्या एका प्रकारात सूत्रधार असतो. दाराआड काय आहे, पुढे कोण भेटणार, हे त्याला ठाऊक असतं आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्याला आवडायचा तो दुसरा प्रकार. त्यात सूत्रधारच नसतो. जे बसलेत त्यांनीच मिळून गाव वसवायचं आणि उद्या तिथे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं.

नियम दोनच. दुसऱ्याने सांगितलेलं नाकारायचं नाही, त्यात भर घालायची. आणि दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. ते काय करील, काय बोलेल, जगेल का मरेल, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

मी विचारलं, दोघांचं पटलं नाही तर निकाल कोण देणार.

"हितं जज्ज न्हाय, मॅडम."

"मग अपील?"

"ते बी न्हाय."

असला बेकायदेशीर खेळ मी जन्मात ऐकला नव्हता. पण पुढच्या रविवारी मी आणखी दोन माणसं जमवली होती. एक माझी कॉलेजातली मैत्रीण, निपाणीला प्राध्यापक, इतिहासाची. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन सांगलीला. ती रविवारी सकाळच्या एसटीने यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. दुसरे आमच्या माडीवरचे भाडेकरू, बँकेतले अधिकारी, मूळचे कलबुर्गीकडचे. मुलांच्या शाळेमुळे घरचे सगळे तिकडेच होते. त्यांचं मराठी बँकेच्या काउंटरवर शिकलेलं होतं, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांशी "सही कुठं करणार?" अशा थाटात बोलायचे. ते खुर्चीत बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला की यात मॅनेजर कोण. मैत्रिणीला अभ्यासक्रम हवा होता. आम्ही तिघंही जन्मभर कुणाच्या तरी हाताखाली किंवा कुणाच्या तरी डोक्यावर बसलेली माणसं. नुसतं शेजारी बसायचं म्हटल्यावर गांगरलो.

खेळायला पत्त्यांचा जोड पुरतो. ज्याची पाळी त्याने एक पान उचलायचं. बदाम आलं तर कुणीतरी कुणाच्या जवळ येतं, इस्पिक आलं तर संकट, चौकट आलं तर काहीतरी हाताला लागतं, आणि किलवर म्हणजे पाऊसपाणी, झाडझाडोरा, जमीन. पान उचलणाऱ्याने काय झालं ते सांगायचं आणि मग डोळे वर करून शेजारच्याला विचारायचं, "मग तू काय करतेस?"

आम्ही गाव वसवलं ते कणकुंबीच्याही पलीकडे, जंगलात, जिथून पुढे घाट उतरून गोवा लागतो तिथे कुठेतरी. एसटी ओढ्यावरच्या एका मोरीपाशी थांबते आणि तिथून पुढे पायी. गावाचं नाव ठरवायचं राहून गेलं आणि मग नावाशिवायच बरं वाटायला लागलं. बेळगुंदीकर पाणाड्या झाला, हातात काटकी घेऊन जमिनीखालचं पाणी सांगणारा. मैत्रीण सुईण झाली. बँकवाले सर्व्हेअर झाले. गाव कर्नाटकात का महाराष्ट्रात का गोव्यात हे मोजायला सरकारने पाठवलेला हा माणूस, साखळी घेऊन आला तो गेलाच नाही. दर रविवारी आम्ही विचारायचो, झाली का मोजणी, की ते म्हणायचे, "आयतु, आता झालीच," आणि पुन्हा पहिल्या दगडापासून मोजायला लागायचे. एका कन्नड माणसाने तीन मराठी माणसांना सीमाप्रश्नावर इतकं हसवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि मी खानावळवाली झाले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं की मोरीपासून गावात येणाऱ्या वाटेवर पहिलंच घर माझं, आणि येणारा जाणारा माझ्याकडे जेवतो.

नाही न म्हणणं मला फार जड गेलं. मैत्रीण सांगायची की पहाटे पाण्यावर गवा आला, आणि मी विचारायची, कशावरून? कुणी पाहिला? बेळगुंदीकर सांगायचा की विहिरीला पाणी लागलं, आणि मी म्हणायची शक्य नाही, तिथे कातळ आहे. शेवटी त्यांनी असा दंड ठेवला की जो नाकारील त्याने उठून सगळ्यांना चहा करायचा. पहिले कित्येक रविवार चहा मीच केला. बँकवाले म्हणायचे की खेळ बंद झाला तरी चालेल, वकीलबाईंची सवय सुटता कामा नये.

एकदा एक म्हातारे पक्षकार न कळवता आले. बाहेर चपला बघून त्यांना ऑफिस उघडं वाटलं. आत आमचं जोरात चाललं होतं की पाणाड्याने दाखवलेली नवी विहीर नेमकी कुणाच्या हद्दीत येते. ते बिचारे बाकावर बसून गंभीरपणे ऐकत राहिले. अर्ध्या तासाने त्यांना राहवेना. म्हणाले की बाई, यात कोर्टकमिशनर नेमून घ्या, न्हायतर हे सर्व्हेअर काय उजेड पाडतील असं दिसत नाही. सर्व्हेअरनी उभं राहून त्यांना हात जोडले. म्हाताऱ्यांना आम्ही खरं काही सांगितलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते भेटले की विचारायचे, त्या विहिरीचं काय झालं. मी सांगायची, तारीख पडली आहे.

मला त्या खेळात नेमकं काय मिळत होतं हे स्पष्टच सांगते. दर रविवारी कुणीतरी माझ्या डोळ्यांत बघून विचारायचं की मग तू काय करतेस, आणि मी काय म्हणते याची वाट बघायचं. हा प्रश्न मला कुणी विचारून वर्षं लोटली होती. कोर्टात विचारतात पुढची तारीख कधी. नातेवाईक विचारतात प्रकृती कशी, आणि उत्तर यायच्या आत स्वतःची सांगायला लागतात. पण इथे माझ्या उत्तरावर गोष्ट अडलेली असायची. मी बोलले नाही तर कुणालाच पुढे जाता यायचं नाही. एवढ्यासाठी मी शुक्रवारपासून रविवारची वाट बघत असे. पन्नाशीतल्या बाईला हे शोभत नाही असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

मग बँकवाल्यांची बदली झाली. बँकेतल्या माणसाची बदली व्हायचीच, त्यात नवल नाही. ऑर्डर आठवड्याच्या मध्ये आली, ते रविवारच्या आत सामान बांधून कलबुर्गीच्या दिशेने निघूनही गेले. खूश होते, घरच्यांजवळ चालले होते. जाताना जिन्यात मला म्हणाले की मोजणी अपूर्ण आहे, परत येऊन करतो. त्या रविवारी आम्ही तिघं बसलो आणि सर्व्हेअरचं काय करायचं हा प्रश्न पडला. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. त्यामुळे तो मेला असं म्हणता येईना, कायमचा गेला असंही म्हणता येईना. सूत्रधार असता तर त्याने एका वाक्यात त्याला वाटेला लावलं असतं. आम्ही एवढंच ठरवलं की सर्व्हेअर कुठंतरी गेलाय. साखळी शेतात पडली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रिणीची नोकरी संपली आणि मुलगी बाळंत झाली, दोन्ही एकदमच. निपाणीचं घर बंद करून ती सांगलीला राहायला गेली. आधी म्हणाली की महिन्यातून एकदा येईन. मग म्हणाली की बाळ मान धरायला लागलं की येईन. मी तिला काय म्हणणार? एवढ्या वर्षांनी तिचं घर भरलं होतं. कलबुर्गीच्या बँकवाल्यांनाही धरून आम्ही मोबाईलवर एकमेकांचे चेहरे बघत खेळायचा प्रयत्न केला. पण तिकडे कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं, इकडे आवाज तुटतोय, आणि बँकवाले तोंड हलवताहेत पण ऐकू काहीच येत नाही. कुणी पान उचललं हेही कळेना. दोनदा तसं केलं, मग तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही. सुईणही कुठंतरी गेली. कुणाचं तरी बाळंतपण करायला, असं बेळगुंदीकर म्हणाला, आणि ते तर खरंच होतं.

राहिलो दोघं. मी आणि तो. एव्हाना तो मला आक्का म्हणायला लागला होता. दोघांत हा खेळ खेळता येतो, पण त्यात मुरावं लागतं. दर दुसरं पान तुमचंच, दर दुसरा प्रश्न तुम्हालाच, पळायला जागा नाही. तो येताना घरची रताळी घेऊन यायचा, मी ती उकडायची, आणि मीठ लावून खात आम्ही त्या ओस पडत चाललेल्या गावाची व्यवस्था लावत बसायचो. शेजारच्या काकूंनी एकदा कंपाउंडवरून विचारलंच की क्लायंट रविवारी बी येत्यात व्हय. मी सांगितलं, व्हय, मोठी केस आहे, विहिरीची.

खानावळीत आता फक्त पाणाड्या जेवायचा. तरी माझी खानावळवाली रोज सगळ्यांचा स्वयंपाक करायची. सर्व्हेअर परत आला तर? त्याच्याबद्दल काही ठरवायचा मला अधिकार नव्हता, म्हणून तिला वाट बघणं भाग होतं. बेळगुंदीकर मला समजावायचा, "आक्का, कमी शिजव गं, वाया चाललंय." ते खेळातलं अन्न होतं, पण त्याच्या बोलण्यात काळजी खरी होती, आणि मला ती हवी होती.

एका रविवारी त्याच्याकडे रताळ्यांची काढणी होती, तो आला नाही. मी म्हटलं, एकटीनं खेळून बघू. तसंही खेळतात म्हणे लोक, पान उचलायचं, प्रश्नही आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. मी पान उचललं. इस्पिक होतं. मी मोठ्याने म्हणाले की वादळात खानावळीचं छप्पर उडालं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून स्वतःला विचारलं की मग तू काय करतेस. आणि मला काहीच सुचेना. म्हणजे सुचायचं, पण विचारायच्या आधीच. आपणच साक्षीदार आणि आपणच उलटतपासणी घेणारे, असं चालत नाही. साक्षीदार आधीच फितूर असतो. मी पत्ते गोळा केले आणि पुन्हा पेशन्स मांडला. त्या दुपारी मला फार एकटं वाटलं, आप्पा गेले तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा माणसं येत होती.

तो पुढच्या रविवारी आला. रताळं हातात घेऊन नुसतं सोलत बसला. मी विचारलं की फौंड्रीत काही झालं का, तर म्हणाला न्हाय. वडिलांचं काही? न्हाय. मग त्याने पान उचललं. किलवर होतं. पानाकडे बघत तो म्हणाला की पाणाड्याच्या हातातली काटकी आज गावात कुठंच हलत नाही. गावाखालचं पाणी त्याने सगळं दाखवून झालंय. काटकी ओढती ती मोरीच्या दिशेनं, एसटीकडं. म्हणून पाणाड्या आता गाव सोडून चालला आहे.

इतके दिवस ज्यांची माणसं गेली ती खेळणारी माणसं आधी गेली होती. इथे खेळणारा समोर बसला होता आणि त्याचं माणूस जात होतं.

"मग तू काय करतेस?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

नियमाप्रमाणे मी भर घालायला हवी होती. खानावळवालीने दशम्या बांधून दिल्या, मोरीपर्यंत सोबत गेली, असलं काहीतरी. चांगल्या खेळणाऱ्याने तेच केलं असतं.

"नाकबूल," मी म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं, जुनी सवय. म्हणाला की आता चहा कर. मी हसले नाही.

"तो जाणार नाही," मी म्हणाले.

त्याने हातातलं पान खाली ठेवलं. "आक्का, हे खानावळवाली म्हणाली, का तू?"

"मी."

मग त्याने सांगितलं. पुण्याला मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. घरी अजून बोलला नव्हता. जमीन, वडिलांचा दावा, आईचं ऐकून घेणं, सगळंच कठीण होतं. "पयलं तुलाच सांगायचं म्हणून आलतो," तो म्हणाला. "तोंडानं सांगता येईना, म्हणून त्याच्याकडनं सांगितलं."

आता इथे मोठ्या माणसाने जे बोलायचं असतं ते मी बोलले. अभिनंदन केलं, पगार चांगला आहे ना विचारलं, दाव्याची काळजी करू नको म्हणाले. सगळं अगदी व्यवस्थित. त्याला मात्र गोष्ट पुरी करून उठायचं होतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की आक्का, एवढं एक सांग, पाणाड्या निघालाय, ती काय करती? अशी अर्धी सोडू नको. मी पत्ते गोळा करायला लागले. नाकारलेलं मागे घेणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मागे घ्यायची इच्छाही नव्हती. तो जाणार नाही असं मला मनापासून वाटत होतं, ते मी म्हटलं. आयुष्यात इतकं नाही म्हणाले, त्यातलं हे एकच माझ्या स्वतःच्या कामाचं होतं.

भांडण झालं नाही. सूत्रधार असता तर त्याने आम्हा दोघांकडे बघून सांगितलं असतं की आज इथंच थांबू, आणि आम्हाला दोघांनाही बरं वाटलं असतं. पण तसं म्हणायचा अधिकार तिथे कुणालाच नव्हता. खेळ संपला नाही आणि चालूही राहिला नाही. पाणाड्या निघाला म्हणणारा एक आणि निघाला नाही म्हणणारी एक, अशी ती गोष्ट टेबलावर तशीच पडली. त्याने चप्पल घातली, दारात थांबला, म्हणाला, "येतो आक्का," आणि गेला. पुढच्या महिन्यात पुण्याला जाताना स्टेशनवरून फोन केला. मी तेव्हा कोर्टात होते, फोनचा आवाज बंद होता, चालू असता तरी उचलता आला नसता.

माझा स्वभाव हातपाय गाळणारा नाही. मी माझ्या दोन ज्युनिअरना रविवारी बोलावलं. पोरं हुशार, आली, नियम ऐकले. एकाने विचारलं, मॅडम, यात जिंकतं कोण? मी म्हणाले, कुणी नाही. मग हरतं कोण? दुसऱ्याने प्रत्येक पानाला वरिष्ठांपुढे बोलावं तसं आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला काय आवडेल ते सांगितलं. मी त्या टेबलाची सूत्रधार होऊन बसले होते आणि मला तेच नको होतं. वकीलमैत्रिणींना रविवारी घरची कामं. माडीवर नवं भाडेकरू जोडपं आलं, ते दिसायच्या आत दार लावून घेतं, आणि त्यांचं बरोबर आहे. मैत्रीण सांगलीहून बाळाचे फोटो पाठवते, मी त्यांना अंगठा पाठवते. रविवार पुन्हा पूर्वीसारखा झाला. फक्त पूर्वी तो नुसता रिकामा असायचा, आता त्यात कोण कोण नाही हे मला ठाऊक होतं.

परवा त्याचा फोन आला. दाव्याची तारीख विचारायला म्हणून केला होता. ती सांगून झाली तरी तो ठेवेना. मग म्हणाला की आक्का, रागावणार नसशील तर एक सांगू. पुण्याला त्याने पुन्हा खेळ सुरू केला होता. कंपनीतली आणि खोलीवरची मिळून पाच-सहा जणं, दर रविवारी एकाच्या फ्लॅटवर. सुरुवातीला जागा कुठली घ्यायची यावर त्यांचं अडलं, तर याने आपलं गाव दिलं. कणकुंबीच्या पलीकडचं. मोरी, विहीर, शेतात पडलेली साखळी, सगळं.

"आणि खानावळ?" मी विचारलं.

ती एका मुलीने घेतली होती. लातूरकडची होती, त्याच्याच ऑफिसातली. त्याने तिला सांगितलं होतं की ही आधी आमच्या आक्काची होती.

मी वकिलासारखे प्रश्न विचारत गेले. त्याशिवाय मला बोलता आलं नसतं. काय शिजवते? तो हसला, म्हणाला की तिखट लई घालती, पण लोकांना आवडतं. किती माणसं येतात? पंगतीवर पंगत उठत्या, म्हणाला. आत जागा पुरत न्हाय म्हणून तिनं बाहेर मांडव घातलाय. गावात लगीन असलं की जेवण तिच्याकडंच.

मला जे विचारायचं होतं ते मी सगळ्यात शेवटी विचारलं. "आणि पाणाड्या? तो गेला का?"

"न्हाय की," तो म्हणाला. "तिथंच हाय. तूच न्हाय म्हणालतीस न्हवं? मी तसंच धरलं. मांडवात पयल्या पंगतीला बसतोय."

मी बरं म्हणाले. तो म्हणाला की सुट्टीत आलो की येतो, आणि मी ये म्हणाले. फोन ठेवल्यावर मी तशीच ऑफिसात बसून राहिले. माझं ऐकलं गेलं होतं. पाणाड्या तिथे राहिला होता, वाटेवरचं घर माणसांनी भरलं होतं, आणि या सगळ्याचा मला आनंद झाला होता, अगदी खराखुरा. तो कुणालातरी सांगावा म्हणून मी उठले, आतल्या खोलीपर्यंत गेले, आणि आत कुणी नव्हतं.